डाव्या हाताची मार्गळी

मार्गळी पुन्हा आली. आमच्या तंजावुरात हा डिसेंबर-जानेवारीतला महिना पंचांगाआधी कानाला कळतो. अजून उजाडायचं असतं, आणि कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळातला भोंगा आधी खाकरतो, मग जरा घरघरतो आणि एकदम गायला लागतो. त्यामागून गल्लीतल्या एकेका घराची कडी वाजते. उंबऱ्यापुढच्या सिमेंटवर पाणी पडल्याचा सपकारा, त्यावर खराटा, आणि मग काही वेळ काहीच नाही. ती शांतता कोलमची, आमच्याकडच्या रांगोळीची. बायका ओणव्या होऊन ठिपके टाकत असतात. उजाडल्यावर बघावं तर दारोदार तांदळाच्या पिठाच्या रेघा, आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळंधमक फूल. सायकलवाले, दूधवाले त्या रेघांना वळसा घालून जातात. मीही माझ्या दारात ओणवी होते. गुडघे कुरकुरतात, हवेत गारवा असतो आणि पीठ बोटांना थंड लागतं.

आज कोलम पुरा करून आत आले तर फोनवर शेखरचा निरोप. शेखर म्हणजे माझ्या अक्काचा, थोरल्या बहिणीचा, मुलगा. बेंगळुरूला असतो. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी उपदेश धाडल्याशिवाय त्याला कॉफी जात नसावी. आज डोंगरावर उभा राहून सूर्याकडे हात पसरलेला एक कोटवाला होता आणि खाली यशस्वी माणसांच्या सवयी. लवकर उठा. थंड पाण्यानं आंघोळ करा. आरशात बघून हसा. मनात वाईट विचार आणू नका. चांगल्या सवयी लावा, यश तुमच्यामागे येईल. मी खाली अंगठा पाठवला आणि फोन पालथा घातला.

चांगल्या सवयींबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. माझी पहिली चांगली सवय मला मनगट धरून लावली गेली आहे, आणि ती मोडल्यावरच माझं बरं झालं. हे शेखरला ग्रुपवर लिहायचं तर इंग्रजीत लिहावं लागेल, आणि इंग्रजीत मला भांडता येत नाही. म्हणून इथं मराठीत लिहिते. आम्ही इथले मराठी. आमचे कोण पूर्वज केव्हा आले याच्या पिढ्या मोजणं आमच्या घरानं कधीच सोडून दिलं. घरात बोलतो ती मराठी निम्मी तमिळच. पण आईनं आम्हा दोघी बहिणींना पाटीवर बाळबोध अक्षरं गिरवायला लावली, त्यामुळे मला लिहिता येतं. शेखरला वाचता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल निर्धास्त लिहिता येतं.

मी गणिताची टीचर. अकरावी-बारावीला शिकवते. काही वर्षांपूर्वी ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या पावसात, वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या हातून खडू पडला. मी खडूला दोष दिला. पावसाळी हवेत खडू दमट होतो, निसटतो. दुसरा उचलला, तोही पडला. मुलींकडे वळून काही बोलायला गेले तर तोंडातून भलतंच आलं, आणि पुढच्या बाकावरच्या दोघीतिघी हसल्या, कारण माझं तोंड वाकडं झालं होतं आणि मिस गंमत करतात असं त्यांना वाटलं. मग एक हसायची थांबली. तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, रिक्षा मिळेना, आणि मला वाटत होतं की निदान फळ्यावरचं उदाहरण तरी पुरं करून जावं.

वाचा काही दिवसांत परत आली. पाय जरा फरफटत का होईना, चालायला लागला. उजवा हात मात्र खांद्याला नुसता लटकून राहिला. भाताची मूद त्याला उचलत नव्हती, पेन धरवत नव्हतं. बघायला माणसं यायची ती सफरचंदं घेऊन, आणि जाताना प्रत्येकजण तोच एक शब्द ठेवून जायचा: पॉझिटिव्ह राहा. समोरच्या घरातल्या कामाक्षी मामींनी तर कुठल्याशा बाबांच्या भाषणाचा व्हिडिओ माझ्या कानाशी धरला होता. मनानं ठरवलं की हात हलतो, असं ते बाबा म्हणत होते. मी मनानं ठरवून बघितलं. हात हलला नाही. म्हणजे मन कमी पडलं, असा त्याचा अर्थ. आधी हात गेला आणि वर दोषही माझ्याच पदरात. मला त्या दिवसांत इतका राग यायचा की सफरचंद दिसलं तरी दात शिवशिवायचे.

शाळेचे करस्पाँडंटही येऊन गेले. आमच्याकडे खाजगी शाळेच्या मालकाला करस्पाँडंट म्हणतात. माणूस वाईट नाही. खुर्चीच्या कडेवर टेकून बसले, नजर पंख्याकडे.

"टीचर, हेल्थ फर्स्ट," ते म्हणाले. "प्लस टूची बॅच आहे. मार्चमध्ये पब्लिक एक्झाम. पेरंट्स विचारतात. तात्पुरती एक टीचर घेतली आहे."

"मी येते की पोंगलनंतर," मी म्हटलं.

"या ना. शाळा उघडली की एक पीरियड घ्या, मी मागे बसतो. बोर्ड वर्क जमलं तर क्लास तुमचाच. नाही जमलं तर लायब्ररी आहे. लाइट वर्क. रिस्पेक्टही राहील."

आमच्या शाळेची लायब्ररी म्हणजे दोन कपाटं, त्यांच्या किल्ल्या आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून मी दिवसभर बंद कपाटांकडे बघते आहे असं चित्र मला दिसलं. मला फळा हवा होता. दुसरं काही नको होतं. अडलेलं उदाहरण फळ्यावर एकेक ओळ खाली उतरत जातं आणि पन्नास माना एकदम वर होतात, तेवढ्यासाठी मी आयुष्यभर सकाळची टाउन बस पकडली आहे. तो फळा मला कुणी दयेपोटी काढून घ्यावा हे मला सहन होणार नव्हतं.

हाताचा व्यायाम करून घ्यायला स्टेला यायची. ओरत्तनाडूहून बसनं येणारी, हसरी, तिशीतली बाई. मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, हात लिहिता होईल का. तिनं मातीचा गोळा माझ्या तळव्यात ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि म्हणाली, "तेरियादु, मिस." ठाऊक नाही. इतक्या माणसांत ती एकटीच खरं बोलली, म्हणून तिनं सांगितलेलं मी सगळं केलं. गोळा दाबला, कपड्यांचे चिमटे उघडले, वाटाणे एका वाटीतून दुसरीत टाकले. वाटाणे जास्त करून जमिनीवर जायचे.

तेवढ्यात मार्गळी लागली. अक्का शेजारच्याच घरात राहते. आधी तिच्या दारातलं कोलम, मग पिठाची वाटी घेऊन माझ्या दारात. मी उंबऱ्यावर बसून बघायची. अक्काचं कोलम बघण्यासारखंच असतं. ठिपक्यांची रांग आखून झाली की ती रेघ सोडते. ती रेघ प्रत्येक ठिपक्याला वळसा घालत, स्वतःलाच ओलांडत, निघाली तिथं येऊन मिळते. ती मिटली पाहिजे. रेघ उघडी राहिली तर आमच्याकडे अशुभ मानतात. चारपाच दिवस मी गप्प बसले. मग म्हटलं, दे मला. उजव्या हाताच्या चिमटीत पीठ घ्यायला गेले तर चिमूट झालीच नाही. पीठ भसकन पडलं. दुसऱ्यांदा पडलं, तिसऱ्यांदाही. समोरच्या दारातून मामी बघत होत्या. त्या लगबगीनं आल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "इंदू, बाजारात स्टिकर कोलम मिळतं. चिकटवलं की वर्षभर बघायला नको." त्यांच्या मनात मायाच होती. पण मला ते लायब्ररीच्या खुर्चीसारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अक्का यायच्या आधी मी दार उघडलं. पाणी शिंपडलं ते डाव्या हातानं, कारण तांब्या त्याच हातात होता. तांब्या ठेवला, वाटीत हात घातला, तोही डावाच. आणि हाताला चिमूट आली. कुणी सांगितल्यासारखी, अंगठा आणि दोन बोटं जुळली आणि पिठाची बारीक धार लागली. ठिपके वाकडे पडले, पण पडले. मी तिथंच ओल्या सिमेंटवर बसकण मारली. सवयीचं काम डाव्या हाताला जमलं याचं मला नवल नव्हतं. मला आठवलं ते दुसरंच.

मी जन्माची डावखुरी. हे मी विसरूनच गेले होते. लहानपणी केळीच्या पानावर वाढलेलं मी डाव्या हातानं उचलायची, पाटीवर डाव्या हातानं ओढायची. आईनं त्यावर बहीण बसवली. जेवताना अक्का माझ्या डाव्या अंगाला बसायची, स्वतः उजव्या हातानं जेवायची आणि आपला डावा हात मांडीवरून आडवा आणून माझं मनगट खाली दाबून धरायची. सगळं जेवण होईपर्यंत धरायची. ताक-भात येईतो तिच्या तळहाताला घाम सुटायचा, तो माझ्या मनगटाला लागायचा. ती तरी किती मोठी होती, आठ-नऊ वर्षांची. तिला बिचारीला पुरणाची बोळी, पचडी कशाचाच स्वाद मिळत नसेल. पाहुणे आले की आई कौतुकानं सांगायची, इंदूला आता चांगली सवय लागली. सगळे माझ्याकडे बघून मान डोलवायचे आणि मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. पाटीवरही तसंच. उजव्या हाताची मी पुढं टीचर झाले, शाळेत माझ्या अक्षराचं नाव झालं, आणि डावा हात फळा पुसायच्या कामाला राहिला.

त्या सकाळी रेघ मिटेपर्यंत अक्का माझ्या मागे येऊन उभी होती.

"इंदू, काय करतीस हे?"

"कोलम."

"कोणत्या हातानं?"

"जो ऐकतो त्या."

"लक्ष्मी येत्ये की ग त्या दारातनं. तिला डाव्या हातानं बोलावतात होय? ऊठ. अस्के बघतात."

अस्के म्हणजे सगळे. आमच्या बोलीत तो शब्द अजून आहे. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा शेवटचा निकाल त्याच शब्दावर लागतो.

"बघू दे अस्के," मी म्हटलं.

अक्का वाद घालत नाही. तिनं तांब्या उचलला, माझ्या कोलमवर पाणी ओतलं, खराट्यानं लोटलं आणि ओणवी होऊन उजव्या हातानं तिथंच दुसरं काढलं. सुरेख काढलं. उजाडलं तेव्हा तिच्या पांढऱ्या रेघा चमकत होत्या आणि माझं पीठ गटाराकडे वाहत गेलं होतं. मला रडू यायला हवं होतं. रडू आलं नाही, संताप आला, आणि त्या संतापाचे मी मरेपर्यंत उपकार मानीन.

मग आमच्या दोघींचं युद्ध जुंपलं. मी अक्काच्या आधी उठायची आणि डाव्या हातानं कोलम काढायची. अक्का यायची, पाणी ओतायची, आपलं काढायची. एक शब्द बोलायची नाही. मीही नाही. दिवसा मात्र तीच माझ्या निऱ्या खोचून द्यायची, तीच वेणी घालायची आणि घालताना गाठी जरा जोरात ओढायची. गल्लीला फुकटचा तमाशा झाला. दूधवाला मुद्दाम सायकल हळू करायचा. मामी कॉफीचा पेला घेऊन दारातच बसायला लागल्या. रोज पुसलं जाणार हे ठाऊक असून मी रोज काढत होते, आणि काढता काढता ठिपके सरळ व्हायला लागले होते. खरं सांगायचं तर अक्कानं पुसलं नसतं तर मी चार दिवस काढून कंटाळले असते. मुळात मी फार चिकाटीची नाही. पण कुणी माझं पुसलं की मला ते पुन्हा काढल्याशिवाय चैन पडत नाही.

शेखरचा कोटवाला म्हणतो, मन आधी प्रसन्न करा, मग कामाला लागा. माझं मन त्या महिन्यात एकाही सकाळी प्रसन्न नव्हतं. आरशात बघून हसायचा प्रश्नच नव्हता, हसलं की तोंड एका बाजूला जायचं. मी शिव्या घालत उठायची. पण उठायची. हात काही मनाला विचारायला जात नव्हता. वाटीत जायचा, चिमूट भरायचा, रेघ सोडायचा. मन मागून कुरकुरत यायचं, आणि कधी कधी येऊन बघायचं तर कोलम झालेलं असायचं. असं मी म्हटलं की लोकांना आवडत नाही. त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं असतं की मी आतून कधी हरले नाही. मी आतून कितीतरी वेळा हरले. न्हाणीघरात नळ सोडून हमसून रडलेही आहे.

आमचे हे स्वभावानं अबोल. एके दिवशी ऑफिसातून येताना काळ्या रंगाचा डबा आणला आणि धुणं धुवायच्या जागेमागची भिंत रंगवून काढली. वाळल्यावर खाली खडूची पेटी ठेवली. म्हणाले, "तुझा फळा." मी डाव्या हातानं पेटी उघडली.

त्या भिंतीवर मला कळलं की जग उजव्या हातानं बांधलेलं आहे. पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे लिहायला हात उचलला की पदर घसरून लिहिलेलं पुसत जातो. मी तो पिन लावून कंबरेला खोचला. उजवा हात खडू ओढतो, डाव्याला तो ढकलावा लागतो, आणि ढकललेला खडू असा किंचाळतो की नारळावरचे कावळे उडून जायचे. खडू मोडून तुकडा घेतला की किंचाळत नाही, हे मला इतकी वर्षं शिकवून ठाऊक नव्हतं. आकडे उलटे पडायचे. तळवा टेकला की मागची ओळ फरफटायची, म्हणून तळवा अधांतरी धरायला शिकले. मराठीत सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात. ज्यानं कुणी ते म्हटलं त्याला त्या भिंतीपुढं उभं करायला हवं होतं. मात्र एक गंमत झाली. समाकलनाचं चिन्ह, ते उंच, वर-खाली वळलेलं, सगळ्यांत आधी सुंदर आलं. कोलमचं वळण त्या हातात तोवर बसलं होतं.

रविवारी आमचे हे मोपेडवर मागे बसवून ओरत्तनाडूच्या रस्त्यानं नेऊन आणायचे. पुदु आरूचा कालवा काठोकाठ वाहत असायचा. त्यापलीकडे सांबा भाताची शेतं, लोंब्या नुकत्या भरायला लागलेल्या, हिरव्यावर पिवळ्याची झाक. भात काही मनात उमेद धरून पिकत नाही. त्याला रोज पाणी मिळतं, म्हणून पिकतं. मी मागे बसून डाव्या हातानं हवेत वर्गमुळाची चिन्हं काढायची, आणि उलट दिशेनं येणारे मोपेडवाले मला हात हलवायचे.

एका सकाळी अक्का आली ती उजाडल्यावर. तोवर अख्ख्या गल्लीनं माझं कोलम बघून घेतलं होतं. हातात तांब्या होता. कमरेवर हात ठेवून तिनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं. मला वाटलं, आता ओतेल.

"तिकडची रेघ उघडी राहिली," ती म्हणाली.

मी बघितलं. खरंच राहिली होती. मी वाकून ती मिटवली. अक्कानं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि घरी गेली. मी जिंकले असं कुणी समजू नये. पाणी ओतणं थांबलं एवढंच. माझ्या डाव्या हातातून ती काही घेत नव्हती. मी कॉफी दिली की पेला खाली ठेवायला लावायची आणि मग जमिनीवरून उचलायची. देवापुढचं फूलसुद्धा तिनं माझ्याकडून घेतलं नाही. अजूनही मार्गळीत ती आपल्या दारातून ओरडते, "इंदू, रेघ," आणि मी तिच्याकडे न बघता ती मिटवते.

पोंगल संपला, शाळा उघडली. करस्पाँडंट शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तात्पुरती टीचर दाराशी उभी. मी पदर खोचला, खडू मोडला आणि फळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले, कारण डावखुऱ्याला तिकडूनच लिहावं लागतं. वर्गात एकदम कुजबुज झाली. ऐप्पसीत हसलेल्या दोघीतिघी पुढच्याच बाकावर होत्या आणि आता श्वास धरून बसल्या होत्या. मी समाकलनाचं चिन्ह काढलं. मग एक ओळ, तिच्याखाली दुसरी. हळू लिहिलं. इतकं हळू की मुली माझ्या आधी उत्तराला पोचल्या आणि तिथं वाट बघत थांबल्या. मागून एक मुलगी म्हणाली, "मिस, पूर्वी तुम्ही लिहिलेलं तुमच्याच आड जायचं. आता दिसतं." मी मागे सरकून बघितलं. उजव्या हातानं लिहिताना लिहिलेलं माझ्या अंगाआड जात होतं. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

तास संपल्यावर करस्पाँडंट फळ्यापाशी आले आणि ओळींवरून बोट फिरवत म्हणाले, "गुड, टीचर. पण हँडरायटिंग... पेरंट्स काही म्हणतील."

"मार्चमध्ये माझं अक्षर कुणी तपासणार नाही, सर," मी म्हटलं. "मुलींची उत्तरं तपासतील."

त्यांनी तात्पुरत्या टीचरना नववीचा वर्ग देऊन टाकला. मी त्या मार्चपर्यंत शिकवलं, त्याच्या पुढच्या मार्चपर्यंतही, आणि उद्या सकाळीही माझा पहिला तास बारावीलाच आहे. उजवा हात आजतागायत निम्माच आहे. शेखरच्या डोंगरावर उभी करायला मी उपयोगाची नाही. हात पसरले तर एकच वर जाईल.

शाळेचं सांगून झालं. पण ते जमलं ते त्याच्या थोड्याच दिवस आधीच्या एका संध्याकाळमुळे, आणि ती संध्याकाळ सांगायची राहिली.

पोंगलच्या दिवशी आमच्या घरी हळदीकुंकू असतं. पूर्वजांनी तिकडून आणलेल्या चालींपैकी ही टिकून राहिली. गल्लीतल्या तमिळ बायकाही येतात, तिळगूळ घेतात आणि हळदीकुंकू हा शब्द चुकीचा उच्चारतात. त्या वर्षी मी अक्काला आधीच सांगून ठेवलं होतं की कुंकू तूच लाव. कोलमचं भांडण आम्हा दोघींतलं होतं, कुंकवाचं सगळ्या गल्लीशी मला करायचं नव्हतं. कुणाच्या कपाळाला डावा हात लावायची माझीही छाती होत नव्हती. तीन दिवसांनी वर्गात उभं राहायचं होतं, आणि आतून मी पुरती ढासळले होते. तिथंही असंच, खडू दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन मागे बसायची पाळी येईल असं वाटत होतं.

बायका चटईवर बसल्या. कामाक्षी मामी पुढं होत्या. अक्कानं तबक उचललं, हळद, कुंकू, विड्याची पानं, तिळगूळ, आणि मामींच्या पुढं जाऊन वाकली. वाकली आणि तशीच थांबली. मग सरळ झाली, मागे फिरली आणि तबक माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. स्वतः माझ्यासमोर मांडी घालून बसली. सगळ्यांच्या पुढं, पहिली.

"आधी मला लाव," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या सवयीनं उजवा हातच उचलला गेला, कुंकवाच्या करंड्यावर अधांतरी राहिला. अक्कानं ते मनगट धरलं. खाली आणून माझ्या मांडीवर दाबलं आणि दाबूनच ठेवलं, पूर्वी जेवताना दुसरं धरायची तसं. तिच्या तळहाताला घाम सुटला होता. मामी मान पुढं काढून बघत होत्या, त्यांच्या मागच्या बायका गुडघ्यांवर उठल्या होत्या. मी डावा हात करंड्यात घातला. अक्कानं कपाळ पुढं केलं.

"लाव," ती म्हणाली. "बघू दे अस्के."